तंबूचे दांडे

एकाने भरलेल्या थैलीला दुसऱ्याने हात लावायचा नाही, हा आमच्या घरातला एकच नियम सव्वीस वर्षांत कुणी मोडला नव्हता. बाकीचे नियम मी केले आणि मीच मोडले. हा मात्र आमच्या ह्यांचा. सायकलच्या कॅरियरला दोन्ही बाजूंनी अडकवायच्या या थैल्या मीच जाड कॅनव्हासच्या शिवल्यात. माझ्या हिरव्या, ह्यांच्या करड्या. शिवणार मी, पण त्यांत काय जाणार ते ठरवणार हे. चाळीस वर्षं लेथवर केसाएवढ्या फरकासाठी झगडलेला माणूस. प्रत्येक सहलीआधी स्वयंपाकघरातला वजनकाटा आठ दिवस ह्यांच्या टेबलावर मुक्कामाला असतो. टूथब्रशचा दांडा कापून अर्धा करणारा नवरा मिळाला, की बायकोने कपाळावर हात मारायचा, नाहीतर आपलाही ब्रश पुढे करायचा. मी ब्रश पुढे केला.

वाटणी ठरलेली. तंबूचं कापड माझ्याकडे, दांडे आणि खुंट्या ह्यांच्याकडे. गॅसचा डबा माझ्याकडे, स्टोव्ह ह्यांच्याकडे. का, तर वजन सारखं पडतं. एकदा घाटात आमचं कडाक्याचं भांडण झालं. कशावरून ते मला आठवत नाही, म्हणजे चूक माझीच असणार. रागाच्या भरात मी दहा-बारा किलोमीटर पुढे निघून गेले, मुक्कामाच्या जागी पोचले, कापड पसरलं आणि त्याच्याकडे बघत बसून राहिले. दांडे नसले तर तंबू म्हणजे नुसती चादर. तासाभराने हे आले आणि सरळ दांडे जोडायला लागले. तेव्हापासून वाटणीचं कारण फक्त वजन आहे, यावर माझा विश्वास नाही.

या वेळी नेहमीच्या तळ्यापर्यंत जायचं होतं, दोन मुक्काम, आणि निघायचं होतं उद्या सकाळी. पण जावं की नाही, हेच माझं ठरत नव्हतं.

महिन्यापूर्वी मी शिवलेल्या सीट कव्हरांचा गठ्ठा गिऱ्हाइकाला देऊन परत येत होते. गल्लीच्या तोंडाशी हे सायकल धरून उभे. "काय झालं?" तर म्हणे, "काही नाही गं, जरा दम खातोय." दम खायला तिथे चढ कुठे होता? घर चाळीस पावलांवर, आणि ह्यांना डावीकडे वळायचं की उजवीकडे, तेच सुचत नव्हतं. मग तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाईंनी आजाराचं नाव सांगितलं, तो बरा होत नाही हेही सांगितलं. वर म्हणाल्या, "सायकल चालवू द्या. ओळखीचा रस्ता, बरोबर तुम्ही. पण एकटं सोडू नका."

लेकीने फोनवर मला फैलावर घेतलं. "आई, बाबा मधेच कुठे वळले तर? तिथे फोन तरी लागतो का? तुला वेड लागलंय."

"वेड तर मला लग्नाच्या आधीपासूनच आहे," मी म्हटलं खरं, पण फोन ठेवल्यावर तळ्याच्या रस्त्यावरची वळणं मनात मोजत बसले.

दुपारी हे अंगणात साखळीला तेल देत बसले होते. मी टेबल आवरायला गेले, तर सामानाची यादी दिसली. सुबक अक्षर, एकाखाली एक आकडे. त्यात चहाचा मग, ११० ग्रॅम. चार ओळींनी पुन्हा चहाचा मग, ११० ग्रॅम. अगदी तळाशी आणखी एकदा. एकच मग तीनदा काट्यावर ठेवला होता, आणि तिन्ही वेळा वजन अगदी बरोबर लिहिलं होतं. मी दार लोटलं आणि करडी थैली उघडली.

कपडे, पंक्चरचं सामान, पंप, नट-बोल्टचे पाने, स्लीपिंग बॅग. दांडे नाहीत. दुसरी थैली उपसली. खुंट्या नाहीत, स्टोव्ह नाही. सव्वीस वर्षं ज्या तीन गोष्टी ह्यांच्याकडे असतात, नेमक्या त्याच नाहीत. संपलं, असं मला वाटलं. आणि मला रडू यायचं सोडून राग आला. माझं हे नेहमीचंच आहे.

लेकीला फोन लावला. "नाही जात आम्ही. तुझंच खरं." आणि तशीच अंगणात गेले.

"अहो, दांडे कुठे आहेत? काय घेऊन निघाला होतात तुम्ही, नुसते पाने? जमत नाही तर सांगायचं ना तोंडाने! मी एकटीने किती ठिकाणी लक्ष द्यायचं? बंद करा ते तेल. कुठेही जायचं नाही उद्या."

ह्यांनी चिंधीला हात पुसले, एकेक बोट करून. माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुझी थैली बघितलीस का?"

"माझ्या थैलीत काय बघायचंय? मी भरलीय ती."

"बघ तरी."

हिरव्या थैलीत माझे कपडे एका बाजूला नीट सारले होते. तंबूच्या कापडाला लागून दांडे, फडक्यात गुंडाळलेले. गॅसच्या डब्याशेजारी स्टोव्ह. खुंट्यांची पिशवीही होती. एकटीला राहायला पुरेल असं सगळं सामान होतं, एकही गोष्ट कमी नव्हती.

हे माझ्या मागे दारात येऊन उभे राहिले होते. "सकाळी तू अंघोळीला गेलीस तेव्हा टाकले. नियम मोडला, ठाऊक आहे मला." मग म्हणाले, "मी कुठे भलतीकडे गेलो, तर निदान तू उघड्यावर राहू नयेस. नाहीतर घाटातल्या त्या दिवशीसारखी कापड घेऊन बसली असतीस."

मला तेव्हा काय वाटलं ते सांगायला लाज वाटते. आधी वाटलं, ह्यांना सगळं कळतंय. आणि मग, कळत नसतं तर किती बरं झालं असतं. मी जमिनीवर फतकल मारून बसले आणि भोकाड पसरलं. हे शेजारी बसले. तेलकट हात माझ्या पाठीला लागू नये म्हणून मनगटाने थोपटत राहिले.

रडून झाल्यावर मी दांडे, खुंट्या, स्टोव्ह उचलले आणि करड्या थैलीत परत कोंबले.

"हे तुमच्याकडेच राहणार. एकटीचा तंबू मला नको."

"आणि मी चुकलो तर?"

"आजवर मी पुढे असायचे, तुम्ही मागे. आता तुम्ही पुढे, मी मागे. माझ्या डोळ्यांसमोर. वळण आलं की मी ओरडेन. ओरडायची मला सवय आहे."

"ती आहे," हे हसून म्हणाले.

लेकीला परत फोन करून सांगितलं, जातोय. ती म्हणाली, "पोचलात की पहिला फोन मला." चहा झाला. मी उरलेलं सामान भरलं, सायकलींची हवा बघितली. ह्यांनी यादी पुढ्यात घेऊन एकेका ओळीसमोर खूण करायला सुरुवात केली. पेन्सिल मधेच थांबली.

"अगं, दांडे कुणाकडे?"

"तुमच्याकडे. करड्या थैलीत."

हे उठले, थैली चाचपली, परत येऊन बसले. खूण मात्र केली नाही. कपाळाला आठ्या घालून बराच वेळ यादीकडे बघत राहिले, आणि मग हळूच, मला वाईट वाटू नये अशा बेताने म्हणाले, "मी काय म्हणतो, ते तुझ्याकडेच दिले तर? नाही, मी कुठे भलतीकडे गेलो बिलो, तर निदान तू उघड्यावर राहू नयेस."

मी त्यांच्या हातातली पेन्सिल काढून घेतली, खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.