तपकिरी स्वेटरचा नमुना

बियाणं तपासायच्या खोलीत सव्वीस वर्षं एकाच खुर्चीवर बसलेल्या त्या बाईला सगळे भिंगवाली म्हणत. तिच्या नजरेच्या कथा किती सांगाव्यात! पोतं दारातून आत येतानाच त्यात काय भेसळ आहे ते ती सांगून मोकळी होई. एकदा म्हणे समोर बसलेल्या माणसाच्या दाढीतून तिने तीन जातींचं गवत वेचून काढलं आणि वर त्याला पावती दिली. दाढीची गोष्ट थोडी फुगली असेल. बाकी सगळं खरं.

तिचा हाडवैरी म्हणजे एक तण. लोक त्याला पाहुणा म्हणत, कारण तो न बोलावता येई आणि आला की हलायचं नाव घेत नसे. देवाने पाय दिले नाहीत म्हणून हे झाड रडत बसलं नव्हतं. बी गाजराच्या बियाएवढं, रंगही तोच, फक्त टोकाला दोन बारीक हूक. शेपूट, लोकर, पायमोजा, जे जवळून जाईल त्याला लटकायचं आणि मन मानेल तिथे उतरायचं. म्हणून नियम कडक होता. नमुन्यात पाहुण्याचं एक जरी बी सापडलं, तरी अख्खं शेत जाळायचं आणि तीन वर्षं तिथे बियाणं धरायचं नाही.

त्या सकाळी ताटलीत दोन सापडली.

पिशव्यांवर नावं नसत, नुसते क्रमांक. पण पिशवीची गाठ तिने ओळखली. ती तिनेच शिकवली होती, लहानपणी, धाकट्या भावाला, बुटाच्या नाडीवर. गाजर बी द्यायला दोन वर्षं लावतं: पहिल्या वर्षी मूळ, दुसऱ्या वर्षी पांढऱ्या छत्रीसारखी फुलं, मग बी. धाकट्याची दोन वर्षं तिच्या चिमट्यात अडकली होती.

तिने नापासाचा कागद लिहिला, खणात ठेवला आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकून त्याच्याकडे गेली.

धाकटा अंगणातच भेटला. पाहुणा शेतात उगवलाय हे त्याला ठाऊक होतं, आणि गुन्हेगारही त्याने ठरवून टाकला होता.

"कुंपणापलीकडच्या बकरीवाल्याचं काम आहे हे, ताई. त्याच्या बकऱ्यांच्या अंगावरून आलंय. मी अर्ज लिहून ठेवलाय. ह्या भागातून बकऱ्या हाकला म्हणून."

"बकऱ्या कधी आत आल्या?"

"आत कशाला यायला हव्यात? कुंपणाशी उभं राहून अंग झटकलं की झालं."

दोरीवरचे कपडे काढणारी भावजय म्हणाली, "कुंपणापासून चाळीस पावलं आत? बकरी आहे की तोफ?"

"तू मध्ये बोलू नकोस."

भिंगवाली शेतात उतरली. कुंपणालगत पाहुण्याचं एकही रोप नव्हतं. रोपं फाटकापासून सुरू होत होती. एकामागे एक, पायवाटेच्या कडेने, वाट वळेल तिथे वळत, विहिरीजवळच्या दगडी बाकापर्यंत. कोणी चालता चालता धावदोरा घालावा तशी. बाकापाशी दाट झुपका होता. दुसरा झुपका मागच्या दाराशी, भिंतीतल्या खुंटीच्या बरोबर खाली.

भावजय कपड्यांचा ढीग छातीशी धरून मागे येऊन उभी राहिली होती.

"वन्सं," ती हळूच म्हणाली, "रविवारी आलात की तुम्ही त्या बाकावर बसता, आणि स्वेटर ह्या खुंटीला अडकवता. झटकून."

बियाणं टिकावं म्हणून तपासणीची खोली बाराही महिने थंडगार ठेवत. म्हणून भिंगवाली बाराही महिने तपकिरी स्वेटर घाली, आणि काम करताना त्याच्या बाह्या ताटलीच्या काठावर टेकलेल्या असत. तिने बाहीची दुमड उलगडली. आतले हूक दिसायला भिंग लागलंच नाही. दुसऱ्यांच्या डोळ्यातली कुसळं काढण्यात जन्म गेला होता तिचा. तिचं स्वतःचं मुसळ लोकरीचं निघालं, आणि तेही भावजयीने विणलेलं.

ती बाकावर बसायला गेली आणि बाक पाहून उभीच राहिली. शेताहून वाईट विचार मागून आला. नजर पोहोचण्याआधीच बी बाहीवर चढलं, म्हणून आजवर किती नमुने पास झाले असतील?

"ताई, गप्प राहा," धाकटा म्हणाला. त्याला सगळं कळलं होतं. "माझं शेत जायचं ते जाणारच. तुझी नोकरी कशाला घालवतेस? बकऱ्यांना काय, कुठेही चारा मिळतो."

"आणि बकरीवाल्याला?"

धाकट्याने अर्जाची घडी घातली, मग आणखी एक, मग आणखी एक.

दुसऱ्या दिवशी भिंगवाली बिनस्वेटरची, कुडकुडत खुर्चीवर बसली. बंद पिशवीतून आणलेला स्वेटर तिने पांढऱ्या कागदावर पसरला, सकाळभर तपासला आणि नोंदवहीत लिहिलं: नमुना, एक तपकिरी स्वेटर. सापडलेल्या बिया, एकेचाळीस. पाठीचा भाग तपासायचा बाकी. निकाल, नापास. कुठून आला, माझ्या खुर्चीवरून.

साहेबांनी ते दोनदा वाचलं.

"काय हे, बाई? स्वेटरला कोणी नापास करतं का? सव्वीस वर्षांचे पास नमुने उकरून काढायचे आता?"

"काढावे लागतील."

"तुमच्या भावाचा अर्ज आलाय सकाळीच. बकऱ्यांवर आहे. लोकांना बकऱ्या लगेच पटतात. पान फाडा ते."

तिने नोंदवहीवर हात ठेवला. अर्ज धाकट्याने पाठवला होता तर. साहेबांनी स्वेटरचा बोळा करून काखेत मारला. "हे भट्टीत जाईल, विषय संपला," असं म्हणत ते निघाले. नापास माल जाळायच्या त्या भट्टीकडची वाट कोठारातून जाई, जिथे गावोगावी पेरलं जाणारं पास बियाणं रचलेलं होतं.

त्यांच्या लोकरी कोटाच्या कोपरावर तिला काहीतरी दिसलं.

"साहेब, हलू नका."

"आता काय?"

"हात वर करा. पाच आहेत. त्यातलं एक खिशाकडे निघालंय."

साहेब हसले. मग त्यांनी तिचा चेहरा पाहिला, आपलं कोपर पाहिलं, दोन पावलांवरचं कोठाराचं दार पाहिलं, आणि दोन्ही हात खरोखरच वर केले. स्वेटर काखेतून खाली पडला.

"पान राहू द्या," ते म्हणाले.

भिंगवालीने चिमटा उचलला. सकाळभर बिनस्वेटरचं बसून बोटं गारठली होती. पहिलं बी चिमट्यात आलं आणि निसटलं. उंबऱ्याच्या अलीकडे पडलं की पलीकडे, हे दोघांनाही दिसलं नाही.

"पाय उचलू नका," ती म्हणाली, आणि गुडघ्यांवर बसली.