माझ्या पायाखालचा नळ

मी एक जुनी बिडाची पाणपोई आहे. मिसुरी राज्यातल्या नदीकाठच्या एका लहान शहरात, हॉलोवे बागेत, सभागृहाच्या दारासमोर मी एकोणसाठ वर्षे एका पायावर उभी आहे. मित्रांनो, तहान लागली की जिच्याकडे धावायचे आणि तहान भागली की जिला विसरायचे, अशी एखादी तुमच्याही गावात असेलच.

ओतशाळेत मला साच्यात ओतले आणि हिरवा रंग दिला. लहान मुलांचे तोंड पोहोचावे म्हणून पायाशी एक पायरी जोडली. कळ दाबली की माझ्यातून पाण्याची कमान उडायची. बेसबॉल खेळून धुळीने माखलेली मुले माझ्यापुढे ढकलाढकली करायची. उन्हाळी शिबिर चालवणाऱ्या मिस व्हर्ना मागून ओरडायच्या, "तीन मोजेपर्यंतच प्यायचं! मागच्यांना घसा नाही का?"

माझी निगा ऑरिन टॅकेट राखत असे. बागेचा माळी तोच, रखवालदार तोच, सुतारही तोच. वाटेत पडलेला कागद त्याला डोळ्यांत कुसळासारखा खुपायचा.

पण कौतुकाचे दिवस कोणाचे कायम टिकतात? जमिनीखालचा नळ आतून गंजला. माझे पाणी आधी तांबूस झाले, मग थेंब थेंब, मग बंद. माझ्या डोक्यावर प्लॅस्टिकची पिशवी बांधली गेली. सभागृहातले नळही त्याच वाटेने चालले होते. नळ बदलले नाहीत तर सभागृहाला कुलूप लागणार आणि शिबिर बंद होणार, असे मिस व्हर्नांना कळवण्यात आले. आईबाप दिवसभर कामावर असलेली चाळीस मुले त्या शिबिराच्या आधाराने उन्हाळा काढत होती.

शहराने कर्जरोखे काढून सगळ्या बागा दुरुस्त करायच्या आणि ते पैसे वीस वर्षे घरपट्टीतून फेडायचे, असे ठरले. पण आमच्याकडे असे कर्ज लोकांना विचारल्याशिवाय काढता येत नाही. पडलेल्या दर सात मतांमागे चार तरी 'हो' म्हणणारी हवीत. आणि आमच्या भागाचे मतदान आमच्याच सभागृहात व्हायचे होते.

ऑरिन कामाला लागला. "पाहुणे येणार आणि घर गबाळं? माझ्या जिवंतपणी नाही!" आठवडाभर त्याने बाके घासली, कुंपण रंगवले, माझ्यावरची पिशवी काढून मला दोन हात हिरवा रंग दिला. मी नवरीसारखी नटले. खरे सांगते, मला फार बरे वाटले.

मतदानाला आलेला एक टोपीवाला शेतकरी माझ्यापुढे थांबला. "ही तर कोरी करकरीत आहे! मग घरपट्टी कशाला वाढवायची?"

"तेच म्हणते मी," त्याची बायको म्हणाली. "यांना खर्चाला निमित्तच हवं असतं."

दिवसभर असे पुष्कळ जण आले. कळ मात्र कोणीच दाबून पाहिली नाही.

नऊ मते कमी पडली.

दुसऱ्या दिवशी मिस व्हर्ना आल्या. "ऑरिन, तू मेलेल्या माणसाला पावडर लावून खुर्चीत बसवलंस! लोक म्हणाले, तब्येत छान आहे!"

"मग काय मुद्दाम घाण ठेवू?"

"घाण नको ठेवूस. खोटंही नको बोलूस."

त्या उन्हाळ्यात सभागृहाला कुलूप होते. एक लहान मुलगी अधूनमधून यायची, पायरीवर चढून कळ दाबायची, थोडी वाट पाहायची आणि निघून जायची.

पुढच्या एप्रिलमध्ये शहर शेवटचे एकदा विचारणार होते. मतदानासाठी कुलूप एका दिवसापुरते निघाले. आदल्या दिवशी ऑरिन आला, पण हातात कुंचला नव्हता, फावडे होते. त्याने माझ्या पायाशी खणून नळ उघडा केला, एक तुकडा कापून काठावर ठेवला आणि भोवती दोरी बांधली. आतला गंज इतका दाटला होता की पेन्सिलही शिरली नसती.

सकाळी मतदान केंद्राच्या बाई मोजपट्टी घेऊन आल्या. दारापासून पंचवीस फुटांच्या आत प्रचार चालत नाही.

"टॅकेट, हा प्रचार आहे का?"

"नाही बाई. हा खड्डा आहे."

त्यांनी अंतर मोजले. एकतीस फूट भरले. ओठ दाबून हसत त्या आत गेल्या.

टोपीवालाही आला. या वेळी त्याने कळ दाबली. काहीच आले नाही. त्याने खाली वाकून तो तुकडा उचलला आणि डोळ्याला लावून पाहिला. "अगं, यातून पलीकडचं दिसतसुद्धा नाही!"

"गेल्या वर्षी तर किती छान दिसत होती," बायको म्हणाली.

"गेल्या वर्षी माझंच चुकलं, बाई," ऑरिन म्हणाला. मत द्या, असे तो कोणालाच म्हणाला नाही.

कर्जरोखे मंजूर झाले. वर्षभराने नवा नळ आला, शिबिर भरले आणि मिस व्हर्नांचा आवाज पुन्हा चढला. ऑरिन रंगाचा डबा घेऊन आला तेव्हा त्या म्हणाल्या, "आता रंगव बाबा, पोटभर!"

ऑरिनने आधी कळ दाबली. ओणवा होऊन पाणी प्याला, मिशा पुसल्या. मगच डब्याचे झाकण उघडले.

मित्रांनो, रंग मला अजूनही आवडतो. पण तुमच्या बागेतल्या पाणपोईजवळून जाल, तेव्हा ती कशी दिसते एवढेच पाहून पुढे जाऊ नका. क्षणभर थांबा आणि कळ दाबून पाहा.