जळलेल्या पानावरच्या चार ओळी

भिंतीवर माझा नवरा पोहत होता. डोक्यावर पुस्तकांची ही एवढी चळत, दातात किल्ल्यांचा जुडगा, आणि मागून दोन मासे चाललेत. माणूस जाऊन तीन वर्षं झाली. जिवंत असताना बादलीत तांब्या बुडवतानासुद्धा जपून बुडवायचा.

"कसं वाटतंय, आजी?" चित्रकार मुलीनं विचारलं.

वाचनालयानं तिला काम दिलं होतं. दारासमोरच्या भिंतीवर दहा फुटी पडदा लावायचा, वस्तीतल्या लोकांनी वाचनालयाच्या आठवणी सांगायच्या आणि तिनं त्यांची चालती-बोलती चित्रं करायची. पंधरा दिवसांपूर्वी ती माझ्यासमोर रेकॉर्डर घेऊन बसली. मला असं कुणी ऐकायला मिळालं की माझी जीभ सैल सुटते. माझी नात सांगते, आजीच्या गोष्टीला आधी दोननं भागायचं आणि मग ऐकायचं. या मुलीला कुणी भागाकार शिकवला नव्हता. पूर आला तेव्हा शिपाई असलेल्या माझ्या नवऱ्यानं चारशे पुस्तकं डोक्यावर घेऊन पोहत नेली, हे तिनं जसंच्या तसं उचललं.

पेपर वाचायला येणारे दोन म्हातारे बघत उभे होते.

"शिक्काकाका पोहायचे?" एक म्हणाला. पुस्तकांवर शिक्के मारायचे म्हणून वस्तीत ह्यांना हेच नाव. "ते तर पायऱ्या उतरताना कठडा सोडायचे नाहीत."

"अहो, डोक्यावर वजन असलं की तोल सांभाळतो," दुसरा म्हणाला, आणि दोघं हसले.

मीही हसले. मग नीट बघितलं. पोहत पोहत तो पडद्याच्या टोकाला जायचा, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू.

"हा घरी कधी पोचतो गं?"

"घरी नाही पोचत, आजी. फिरून तेच चालू राहतं. दिवसभर."



"हे काढून टाक," मी म्हटलं.

ग्रंथपाल बाई काउंटरवरून उठून आल्या. "आजी, उद्या उद्घाटन आहे. आणि सगळ्यांना हेच आवडलंय. थोडं वाढवून सांगितलं असेल तुम्ही, त्यात काय एवढं?"

"वाढवून नाही, बाई. उलटं सांगितलंय. उद्यापासून लोक त्यांना असंच ओळखणार. खरं काय ते सांगायला आता मी एकटीच उरलेय."

त्यांनी मला खुर्ची दिली. मी सांगितलं.

त्या दुपारी वाचनालयात हे एकटेच होते. किल्ल्या ह्यांच्याकडे. रस्त्यावर पाणी चढायला लागलं तेव्हा खालच्या दोन फळ्या रिकाम्या करण्याइतका वेळ होता. पण तळमजल्यावरच्या आमच्या खोलीत मी होते, आणि सहा दिवसांची मुलगी. ह्यांनी कुलूप लावलं आणि घरी आले. आम्हाला वरच्या शेजाऱ्यांकडे पोचवलं. परत गेले तोवर खालच्या फळ्या पाण्यात.

कुणी ह्यांना एका शब्दानं दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं. हे रोज दहा-दहा ओली पुस्तकं पिशवीतून घरी आणायचे. दोन पानांत टीपकागद ठेवायचा, वरून हलकी इस्त्री फिरवायची, की पुढचं पान. सात महिने. आमची मुलगी सुकत घातलेल्या पुस्तकांमधून रांगायला शिकली. मला स्वयंपाकाला टेबल मिळायचं नाही, मी जमिनीवर भाजी चिरायची.

आमची मुलगी पाच वर्षांची झाल्यावर तिनं विचारलं, "बाबा, पुरात तुम्ही काय केलंत?" हे ताटात बघत राहिले. मला बघवेना. मी ह्यांच्या डोक्यावर पुस्तकं दिली आणि पाण्यात ढकललं. पुढच्या खेपेला मासे आले. मी ती गोष्ट सांगायला लागले की हे हात धुवायला उठायचे. मला वाटायचं, लाजतात.

"मग मी इस्त्री करणारे काका दाखवू?" चित्रकार मुलीनं विचारलं.

"ते दाखव. आणि एक जळलेलं पान आहे, तेही दाखव."

एकदा ह्यांना हसवायचं म्हणून मी इस्त्री चालू असताना सांगितलं, की वरचे शेजारी घोरले की आपल्या पातेल्यांची झाकणं उडतात, आज एक मी हवेत झेललं. पुरानंतर पहिल्यांदा हे हसले. पोट धरून हसले, आणि इस्त्री जागेवरच राहिली. वाळवंटातल्या प्रवासाचं पुस्तक होतं. चार ओळी गेल्या. दुसरी प्रत नव्हती. ह्यांचा चेहरा बघून मी म्हटलं, "लिहा, मी सांगते. मी वाचलंय हे." मी कुठली वाचायला? मी सांगितलं, ह्यांनी सुवाच्य अक्षरात चिठ्ठीवर लिहिलं आणि डिंकानं चिकटवलं.

बाईंनी मुलीकडे बघितलं. ती नजर मला ओळखीची आहे. जन्मभर थापा मारल्यावर खऱ्याला गिऱ्हाईक मिळत नाही.

"निळा पुठ्ठा आहे," मी म्हटलं. "बघा तरी."

बाई उठल्या त्या माझं मन राखायला. मागच्या बंद कपाटात पाऊण तास धूळ झाडली त्यांनी. आल्या तेव्हा हातात पुस्तक होतं आणि चेहरा वेगळा होता. पान उघडून त्यांनी टेबलावर ठेवलं. इस्त्रीच्या टोकाचा तपकिरी डाग, त्यावर चिठ्ठी. मुलीनं मोठ्यानं वाचलं:

"चौथ्या दिवशी आमच्या उंटानं पुढं जायला नकार दिला. त्याला घराची आठवण येत होती. आम्ही त्याची पुष्कळ समजूत घातली. शेवटी आम्हीच परत फिरलो."

पुढच्या पानावर ती मंडळी पाचव्या दिवशी मजेत पुढंच निघाली होती.

"खाली अजून काहीतरी आहे," मुलगी म्हणाली. "बारीक अक्षरात."

मला चष्म्यातूनही दिसेना. तिनंच वाचलं.

"वरील चार ओळी मूळ पुस्तकातल्या नाहीत. पान माझ्या हातून जळलं. ओळी माझ्या पत्नीच्या आहेत. वाचकांनी सांभाळून घ्यावं. शिपाई."

आणि खाली वाचनालयाचा शिक्का.

चाळीस वर्षं. घरात ह्यांनी अवाक्षर काढलं नाही.

 मुलीनं लॅपटॉप ओढला. "तो पोहणारा मी काढून टाकते," ती म्हणाली. "आज थांबावं लागेल मला, बाई."

"थांब. मी चहा सांगते," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी भिंतीवर ते पान होतं, माणसाच्या उंचीचं. डाग होता, चिठ्ठी होती. आधी माझ्या ओळी उमटायच्या, मग सावकाश ह्यांच्या. कालचे दोन म्हातारे शेवटपर्यंत वाचून पुन्हा पहिल्यापासून वाचत उभे राहिले. कठड्याची आठवण काढणाऱ्यानं टोपी काढून हातात धरली होती.

गर्दी पांगल्यावर मी बाईंना म्हटलं, "मला हे पुस्तक घरी न्यायचंय. आठ दिवसांत परत आणते."

त्यांनी पुस्तकाच्या शेवटी चिकटवलेली परतीच्या तारखांची चिठ्ठी उघडली. एकतीस शिक्के होते, सगळे ह्यांनी मारलेले. बाईंनी शिक्का माझ्या हातात दिला.

"तुम्हीच मारा, आजी."

मी मारला. जरा वाकडा पडला. ह्यांचे एकतीस सरळ होते.