आणखी दोन भोकं

खोगीर बनवणाऱ्या माणसाला दोन मापं चुकवून चालत नाहीत. एक घोड्याच्या पाठीचं, दुसरं स्वाराच्या पायाचं. आत्यानं तीस वर्षांत अशी मापं किती घेतली त्याला गणती नाही. भल्याभल्यांना तिनं "पोट आत ओढू नका, मला फसवाल, घोड्याला कसं फसवाल?" असं तोंडावर ऐकवलं होतं. पण सहा महिने झाले, सख्ख्या भाचीचं माप काही तिनं घेतलं नव्हतं.

भाची तेरा वर्षांची. वर्षभरात अशी ताडमाड वाढली होती की तिचा बाप, म्हणजे आत्याचा धाकटा भाऊ, विजारींचे काठ उसवून उसवून मेटाकुटीला आला होता. वर्गातली पोरं तिला 'खांब' म्हणत. त्यामुळे ती चालताना पोक काढायची, दारातून जाताना उगाच वाकायची, फोटोत मागे उभी राहून गुडघे दुमडायची. ताठ बसायची ती फक्त वाटाण्यावर. वाटाणा म्हणजे तिचं ठिपक्यांचं बुटकं तट्टू. आठव्या वर्षापासून ती त्याच्यावर होती आणि अडथळ्यांच्या शर्यतीत दोघांनी दोनदा पहिला नंबर काढला होता.

थंडीत तिच्या रिकिबीचे पट्टे दुकानात शिवायला आले, तेव्हाच आत्याला सगळं कळलं होतं. बकल रोज ज्या भोकात बसतं, तिथे चामड्यावर वळ उठतो. पोरीचे पाय लांबत होते, मग वळ पट्ट्याच्या टोकाकडे सरकायला हवा होता. तो उलट चार भोकं वर चढला होता. पाय वाटाण्याच्या पोटाखाली लोंबताना कुणाला दिसू नयेत म्हणून बया पट्टे आखूड करून, गुडघे हनुवटीपाशी घेऊन बसत होती. आत्यानं शिवण घातली, वळावर तेल चोळलं आणि पट्टे गुपचूप परत दिले. झाकली मूठ सव्वा लाखाची! वहीतलं जुनं मापही तिनं तसंच राहू दिलं. पोरगी मोठी झाली हे एकदा कागदावर उतरलं की वाटाणा गेला, हे दोघींनाही ठाऊक होतं.

पण कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं थोडंच? परवा घोडेस्वारीच्या मास्तरांनीच विषय काढला. म्हणाले, वाटाणा आता छोट्या मुलांकडे जाईल. दुसरं तट्टू बघा, शनिवारी संध्याकाळी पाचला मी हंगामाची नावं पाठवतो. मोठ्या घोड्यांच्या गटात ते पंधराच्या आत कुणालाही घेत नसत. म्हणजे आता तट्टू मिळालं नाही, किंवा मिळालं आणि चार महिन्यांत अपुरं पडलं, तर पोरीला दोन वर्षं कुंपणाबाहेर उभं राहून टाळ्या वाजवायच्या होत्या. आत्यानं तट्टं पाळणाऱ्या एका म्हाताऱ्याला फोन केला. त्यानं पायाचं माप विचारलं. आत्यानं वही उघडली आणि सहा महिन्यांपूर्वीचं माप वाचून दाखवलं. वाचताना तिचा आवाज जरासुद्धा हलला नाही, याची तिला नंतर लाज वाटली.

शनिवारी दुपारी म्हातारा गाडी घेऊन मैदानावर आला. गाडीतून दोन तट्टं उतरली. पुढचं पांढरंशुभ्र, सडपातळ, नाजूक पायांचं. त्याचं नाव कापूस. मागून एक तपकिरी घोडी उतरली. पाठ सपाट, पोट हे एवढं.

"हिचं नाव पिंप," म्हातारा म्हणाला. "ही दाखवायला नाही हो आणलेली. कापूस एकटा गाडीत चढत नाही, म्हणून सोबतीला." त्यानं पिंपाला गाडीच्या कडीला बांधलं आणि तिच्यासमोर गवत टाकलं. ती लगेच खायला लागली.

पोरगी कापसाच्या प्रेमात पडली. रिकिबीत पाय घालण्याआधी तिनं आत्याकडे पाठ फिरवून पट्टे पटकन वर ओढले. आत्यानं बघितलं आणि मान वळवली. हे शेवटचं, असं तिनं मनाशी म्हटलं.

पहिले दोन अडथळे कापूस वाऱ्यासारखा पार करून गेला. तिसऱ्याला तो जरा लांबून उडाला आणि आखूड रिकिबीत उकिडवी बसलेली पोरगी थेट त्याच्या मानेवर गेली. पडली मात्र नाही. घसरली, तर तिचे पाय जमिनीला टेकले आणि ती उभीच राहिली. कापूस तिच्याखालून निघून गेला.

म्हातारा हसला. "पडायलासुद्धा जागा उरली नाही की हो पोरीला!"

पोरगी हसली नाही. ती कुंपणाशी आली आणि आत्याच्या खांद्यात तोंड खुपसायला गेली, पण त्यासाठीसुद्धा तिला वाकावं लागलं. तेव्हा तिचा बांध फुटला.

"माझे पायच वाईट आहेत आत्या. मी पट्टे आखूड करते. वाटाण्यावरही करायचे. सगळ्यांना फसवलं मी. गुडघे इतके दुखतात ना, रात्री झोप येत नाही."

आत्याला गुडघ्यांचं माहीत नव्हतं. वळावर तेल चोळताना हे तिच्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय?"

"पट्ट्यांचं. थंडीपासून माहीत होतं. मी बोलले नाही. आणि या तट्टूवाल्या काकांना मापही जुनंच सांगितलं. खोटं तू एकटीनं नाही केलं, बाळा. मी तर धंद्याची माणूस, तरी केलं. तुझा वाटाणा जाऊ नये असं मलाही वाटत होतं. तू मोठी होऊ नयेस असंच म्हण हवं तर."

पोरगी नाक पुसत तिच्याकडे बघत राहिली. "तू वेडी आहेस का गं?"

"आहे थोडी. चल, सरळ उभी राहा."

आत्यानं खिशातून फीत काढली आणि भर मैदानात माप घेतलं. सहा महिन्यांत पाय साडेपाच सेंटिमीटर वाढला होता. म्हाताऱ्यानं आकडा ऐकला आणि कापसाकडे बघून मान हलवली. चार वाजत आले होते. दुसरं तट्टू आणायचं तर जाऊन येऊन तीन तास.

आत्या फीत गुंडाळत होती. गाडीशी पिंप शांतपणे गवत चघळत होती. बाकी कुणाला ते नुसतं पोट दिसलं असतं. आत्याला दिसलं की या पोटावर पाय टेकायला भरपूर जागा आहे. सडपातळ तट्टावर जो पाय खाली लोंबतो, तोच इथे गोलाईवर बसेल. ती गेली आणि पिंपाच्या पाठीपासून पोटाखाली तंगाचा पट्टा बसतो तिथपर्यंत फीत लावली, मग पुन्हा एकदा लावली.

"काका, ही उडी मारते का?"

"मारते म्हणजे? माझा नातू तीन हंगाम खेळलाय हिच्यावर. उंचीचा दाखला आहे, गटात बसते. पण रूप हे असं. तिला बघायला कोण येणार?"

"काखेत कळसा आणि गावाला वळसा!" आत्या म्हणाली. "खोगीर चढवा."

पोरीनं नाक मुरडलं. "हिच्यावर? सगळे हसतील."

"हसू देत. आधी बस."

ती बसली. सवयीनं हात पट्ट्याकडे गेला, तसा आत्यानं तो धरला आणि बकल सोडलं. एक भोक खाली, दोन, तीन, चार. आणखी दोन. गुडघा उलगडत गेला आणि पोरीच्या तोंडून आपोआप मोठा श्वास सुटला. टाच पोटाच्या गोलाईवर येऊन थांबली. खाली काही लोंबत नव्हतं.

पिंप धावायला लागली तेव्हा सुरुवातीला कुणालाच काही विशेष वाटलं नाही. मग अडथळा आला आणि त्या घोडीनं कान पुढे केले. पोरगी ताठ होती, मग पुढे झुकली, मग पुन्हा ताठ. एक, दोन, तिसरा लांबचा, चौथा. दांडा एकही हलला नाही. आत्याचे डोळे भरून आले आणि ते पुसायचं भान तिला राहिलं नाही.

परत आल्यावर पोरगी धापा टाकत म्हणाली, "अजून थोडं सैल हवं होतं. पण भोकंच संपली."

आत्यानं खिशातली आरी काढली. पट्ट्याच्या टोकाकडे एक भोक पाडलं, बकल बसवलं. मग त्याच्या खाली आणखी दोन पाडली.

"ही कशाला?"

"एक पुढच्या हंगामाचं. दुसरं त्याच्या पुढच्या."

"इतकी वाढेन मी?"

"वाढ की. चामडं आहे, आरी आहे, मी आहे."

पावणेपाचला मास्तरांना नाव गेलं. पोरीनं सगळ्यात आधी वाटाण्याच्या तबेल्यात जाऊन त्याला सगळं सांगितलं, बराच वेळ सांगितलं. बाहेर आली तेव्हा दाराची चौकट तिच्या डोक्यापेक्षा वीतभर उंच होती, आणि या वेळी ती वाकली नाही. आत्याशेजारी येऊन सरळ उभी राहिली. तिच्याशी बोलायला आत्याला पहिल्यांदाच मान वर करावी लागली.