खिंडीतल्या हाका

“आजी, हे झाड आपण मघाशी पाहिलं,” दीपेश म्हणाला.

पाहिलं होतं. एकदा नाही, दोनदा. वाकड्या बुंध्याचा ऐन आणि त्याच्या मुळाशी उभं वारूळ. तिसऱ्यांदा तेच झाड समोर आल्यावर हसावं की रडावं, मला कळेना.

“तसलं दुसरं झाड असेल,” मी म्हणाले.

“आणि वारूळही दुसरं?” उमेश म्हणाला. “अहो आजी, मुंग्यासुद्धा आता आपल्याला ओळखायला लागल्या.”

उमेश या भागाचा वनरक्षक. घर कैनाडला. सकाळी त्यानेच जीपमधून आम्हाला डोंगराच्या पायथ्याशी आणलं. दीपेश डहाणूचा. डोंगरातल्या पायवाटा स्वतः चालून मोबाइलवर उतरवायच्या आणि त्यांचा नकाशा करायचा, हे त्याचं काम. या डोंगरावरून पलीकडे तलासरीच्या बाजूला उतरणारी एक निसर्गवाट करायचं सरकारच्या मनात होतं. पायथ्यापासून टेहळणीच्या मनोऱ्यापर्यंतची वाट त्याने शोधली होती. पुढच्या रानात मात्र सगळ्या वाटा गुरांच्या. थोडं जायचं की करवंदीची जाळी, नाहीतर कडा. उद्या त्याला नकाशा द्यायचा होता. आज वाट जुळली नाही, तर रेघ मनोऱ्यापाशीच थांबणार होती.

तो जुन्या वाटा विचारत किनाऱ्यावर आला, तेव्हा मी बांबूच्या दांडीवर बोंबील वाळत घालत होते. “या डोंगरावरून पूर्वी कोणी पलीकडे जायचं का हो?” त्याने विचारलं. माझ्या हातातले बोंबील हातातच राहिले.

“कोणी म्हणजे?” मी म्हणाले. “आम्हीच जायचो की!”

आम्ही चौघी जायचो. मी, माझी जाऊ गंगी, शेजारची बुधी आणि मथू. डोक्यावर सुक्या मासळीची टोपली घेऊन पहाटे डहाणूहून निघायचं, सरावली मागे टाकायची, कैनाडला पाणी प्यायचं आणि डोंगर चढायचा. पलीकडच्या पाड्यावर मासळी द्यायची, बदल्यात नागली आणि भात घ्यायचा. रात्री तिथेच जिजाच्या ओटीवर झोपायचं. त्या घराला आम्ही ‘वरचं घर’ म्हणायचो. पाड्याचं खरं नाव काय, ते कधी विचारलंच नाही. आम्हाला नावाची काय गरज? पाय जायचे.

आणि तिथेच घोळ झाला. जाणं सुटून कितीतरी वर्षं झाली. दोन वर्षांमागे मी मितेशच्या, माझ्या मुलाच्या, मोटारसायकलवर मागे बसून रस्त्याने तलासरीला गेले. “जिजाचं घर कुठे?” असं विचारत आम्ही दिवसभर हिंडलो. एक म्हातारा हसून म्हणाला, “बाय, कोणती जिजा? इथं प्रत्येक पाड्यात एक जिजा हाय.” मितेश घरी येईपर्यंत माझ्याशी बोलला नाही.

म्हणून दीपेशने विचारलं, तेव्हा मी त्याच्या मागेच लागले. वाट सापडली की जिजा सापडणार. जिवंत असली तर.

माझा नवरा बोटीसकट गेला, त्या वर्षी मुलं लहान होती. पावसाळा तोंडावर, बोटी सगळ्या किनाऱ्याला ओढलेल्या, घरात दाणा नाही. गंगीने मला वर नेऊन जिजाच्या दारात उभं केलं. जिजाने एकच विचारलं, “आवणी येते का तुला?” मी नाही म्हटलं. “येईल,” ती म्हणाली. अख्खा पावसाळा तिने मला आणि दोन पोरांना ठेवून घेतलं. तिच्याबरोबर चिखलात वाकून भाताची रोपं लावायला मी शिकले. रात्री मला रडू आलं, की ती उगाच उठून चूल पेटवायची आणि म्हणायची, “थंडी लागली गो मला.”

आज निघताना माझी सून कल्पिता म्हणाली होती, “आई, तुम्हाला तर रेशनच्या दुकानाची वाट दम लावते. डोंगर कसला चढताय?”

“दुकानात जायची हौस नसते, म्हणून दम लागतो,” मी म्हटलं.

तोंडाने म्हटलं खरं, पण आता मी त्या ऐनाखाली उभी होते आणि डोंगर मला ओळख देत नव्हता. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. सगळंच ओळखीचं वाटत होतं आणि काहीच ओळखीचं नव्हतं.

“आजी, बसा जरा,” दीपेश म्हणाला. “नाही मिळाली तरी हरकत नाही.”

“तुझी हरकत नसेल!” मी जवळजवळ ओरडलेच.

उमेशने हातातली टोपली खाली ठेवली. जिजासाठी मी बोंबील घेतले होते, बरेच घेतले होते. माझं वय पाहून त्याने सकाळीच टोपली माझ्याकडून काढून घेतली होती.

“आजी, राग नका मानू. पण आता हा तुमचा माल तुम्हीच घ्या,” तो म्हणाला. “माझ्या वर्दीला असा वास लागलाय की रात्री बायको घरात घेणार नाही. आणि वाटेत मांजर भेटलं तर मी गेलोच.”

“बोंबील खाताना वास येत नाही का रे?”

“तेव्हा तो भाजलेला असतो.”

मी पदराची चुंबळ केली, डोक्यावर ठेवली आणि उमेशला टोपली चढवायला सांगितली. तो “अहो, हातात घ्या” म्हणत राहिला. टोपली डोक्यावर बसली आणि माझी मान ताठ झाली. मान ताठ झाली तशी नजर समोर गेली. मघापासून मी काय करत होते? खाली पायाशी बघत होते, नाहीतर वर झाडांकडे. ओझेवाली बाई खाली बघत नाही आणि वरही बघत नाही. तिला दिसतं ते तेवढंच, सरळ समोरचं.

सरळ समोर, दोन जाळ्यांच्या मधून, रान जरा सैल होतं.

“इकडून!” मी म्हटलं आणि चालू लागले.

“अहो, तिकडे वाट नाही,” उमेश मागून ओरडला.

“आहे!”

होती. पायाखाली पालापाचोळा होता, गवत होतं, पण उतार असा नेमका होता की टोपली डोक्यावर डुलतसुद्धा नव्हती. फांद्या खांद्याला लागत होत्या, टोपलीला लागत नव्हत्या. वाट सरळ वर जात नव्हती, आडवी वळत होती. माझं मलाच हसू यायला लागलं. पाय पुढे, मी मागे, असं झालं होतं.

थोड्या वेळाने मात्र पुन्हा फाटा आला. वाट दोन्हीकडे सारखीच सैल. मी थांबले. इथलं काही आठवेना.

“आजी,” दीपेश म्हणाला, “एक विचारू? तुम्ही चौघी. टोपल्या जड. विसाव्यानंतर त्या पुन्हा डोक्यावर चढवायचं कोण?”

“एकमेकींच्या चढवायचो.”

“आणि शेवटची?”

मी त्याच्याकडे पाहिलं. शेवटची दगडावर टेकवायची! छातीएवढा उंच, वर सपाट दगड असला की बाई जरा वाकून टोपली त्यावर सरकवते आणि निघताना डोकं खाली घालून उचलते. कोणाचा हात लागत नाही. अशाच दगडांपाशी आम्ही बसायचो. मी हे त्याला सांगेपर्यंत तो एका फाट्यावर धावतच गेला होता.

“इथे नाही!” तिकडून आवाज आला. मग तो दुसऱ्या फाट्यावर गेला. बराच वेळ काही नाही. आणि मग, “आजी! आहे! आहे इथे दगड! वरून गुळगुळीत!”

मी साठीतल्या बाईसारखी धावले. साठी होऊनही खूप वर्षं झाली आहेत. दगड तोच होता. त्याच्या एका कडेला मथू बसायची आणि पायातला काटा काढत अख्ख्या डोंगराला शिव्या द्यायची. मी टोपली दगडावर सरकवली. एकटीने. दीपेश हात पुढे करून उभा राहिला होता, तो तसाच राहिला.

“फोटो काढू?” त्याने विचारलं.

“दगडाचा काढ. माझा अवतार बघ.”

त्यानंतर आम्ही तिघेही वेडे झाल्यासारखे चाललो. पुढचा दगड कोणाला आधी दिसतो, याची पैज लागली. एक उमेशला दिसला. तो ओरडला तेव्हा रानातून मोर उडाला. एकदा दीपेशने दाखवलेला दगड मी नापास केला. “याच्यावर टोपली ठेवायला बाई ताडाएवढी उंच पाहिजे,” मी म्हटलं. दीपेश दर थोड्या वेळाने मोबाइल पुढे करून दाखवायचा. हिरव्या पडद्यावर आमची लाल रेघ वर वर सरकत होती. मनोरा मागे राहिला होता. रेघ कुठेच तुटली नव्हती.

शेवटच्या चढावर वारा आला. समोर आभाळ उघडलं आणि आम्ही खिंडीत उभे राहिलो.

मागे वळून पाहिलं तर थेट समुद्र. किनाऱ्यावर थर्मल वीजकेंद्राची उंच चिमणी. आमच्या वेळी ती नव्हती. पुढे तलासरीच्या बाजूचं खोरं, फुललेले पळस, कापलेली शेतं आणि खाली झाडांमध्ये दहा-पंधरा छपरं. त्यातलं एक जरा वर, बाकीच्यांपासून सुटं.

“ते बघ,” मी म्हणाले. “वरचं घर.”

“नक्की?” दीपेशने विचारलं.

नक्की करायची आमची एक रीत होती. खिंडीत आलं की प्रत्येकीने आपलं नाव मोठ्याने हाकारायचं. वारा खाली वाहायचा, नावं खाली जायची. जिजा हाका मोजायची आणि तेवढ्या जणींचा भात टाकायची. आम्ही उतरेपर्यंत भात तयार असायचा.

मी छाती भरून श्वास घेतला. “पुतळी आलीऽऽ!”

खोऱ्यात हाक घुमली. उमेश आणि दीपेश एकमेकांकडे बघून हसले. मला थांबवेना. इतक्या वर्षांनी त्या जागेवर एकच हाक देऊन गप्प राहणं जमलंच नाही. तोंडातून पुढची आपोआप निघाली. “गंगी आलीऽऽ! बुधी आलीऽऽ! मथू आलीऽऽ!”

आम्ही कान देऊन उभे राहिलो. वारा. कुठेतरी कोंबडा. आणि मग अगदी बारीक, लांबून, “ओऽऽ!”

“गुराखी असेल,” उमेश म्हणाला.

“गुराख्याला काय करायचंय माझ्या नावाशी!” मी टोपली सावरली आणि उतरायला लागले. खाली जाईपर्यंत मी किती बोलले असेन, देव जाणे. दीपेश म्हणत होता, “आजी, हळू. रेघ पळतेय.”

अंगणात एक तरुण बाई शेणाने सारवलेल्या जमिनीवर भात पाखडत होती. तिने आमच्याकडे पाहिलं, डोक्यावरच्या टोपलीकडे पाहिलं, आणि हातातलं सूप ठेवून आत हाक मारली, “आये! दर्यावाली आली गो!” मग पुढे येऊन तिने टोपली उतरवली. “मी रूपी. सून,” ती म्हणाली.

“या पाड्याचं नाव काय, वहिनी?” दीपेशने विचारलं. नकाशावर रेघेच्या टोकाला नाव घालायचं होतं.

“करवंदपाडा.”

मला हसू फुटलं. करवंदपाडा! मितेशच्या मोटारसायकलवरून जाताना मी ते नाव रस्त्याच्या फाट्यावर वाचलं होतं. वाचून पुढे गेले होते.

तेवढ्यात जिजा बाहेर आली. पाठ वाकलेली, हातात काठी, केस कापसासारखे. पण कपाळावरचं गोंदण तेच. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

“म्हातारी झालीस,” ती म्हणाली.

“आणि तू काय लग्नाची आहेस?”

तिने माझा गाल चिमटीत धरला आणि जोरात हलवला. तिचे डोळे भरले, माझेही. दोघी हसत होतो. रूपीही हसत होती. उमेश टोपी काढून उगाच धूळ झटकत होता.

मग जिजाने हात कपाळावर धरला आणि माझ्या खांद्यावरून मागे, डोंगराच्या वाटेकडे पाहिलं.

“बाकीच्या कुठं राहिल्या?” तिने विचारलं. “गंगीचे पाय दुखत असतील. तिची नेहमीची नाटकं. येतील सावकाश.”

मी तिचा हात खाली घेतला. किनाऱ्यावरची बातमी डोंगरात येत नाही, हे माझ्या ध्यानातच नव्हतं. तिच्या लेखी आजपर्यंत आम्ही चौघी होतो.

“जिजा, त्या नाहीत आता.”

“कोण नाही?”

“तिघीही. मथू आधी गेली, मग बुधी. गंगीला आता सहा वर्षं होतील. येणं सुटलं ते पहिल्या दोघी गेल्या तेव्हाच. नंतर गंगीने आणि मी एकदा ठरवलं होतं, पण तिच्याने चढवेना. एकटीने डोंगर चढायची आमच्यात रीत नाही.”

“पण हाका चार आल्या.”

“मीच दिल्या.”

काठीच्या टोकाने जिजाने अंगणातला एक खडा बाजूला केला, मग आणखी एक. आत भाताचा वास सुटला होता.

रूपी दारात आली. तिने सगळं ऐकलं होतं. “आये,” ती हळूच म्हणाली, “भात चौघींचा टाकलाय.”

“मग चार पानं मांड,” जिजा म्हणाली.

रूपीने ओटीवर पळसाची पानं मांडली. एकावर मला बसवलं, समोरच्या दोन पानांवर उमेश आणि दीपेश संकोचून बसले. चौथं पान रिकामं राहिलं. आमच्या वेळी जिजा कधी आमच्या पंगतीला बसली नव्हती. आम्ही उठेपर्यंत ती वाढतच असायची. कितीही म्हटलं तरी “माझं होईल गो मागून” म्हणायची.

तिने काठी भिंतीला टेकवली. एक हात माझ्या खांद्यावर देऊन, गुडघे मोडत, ती सावकाश माझ्या शेजारच्या पानावर बसली आणि सुनेला म्हणाली, “वाढ.”