प्रकरण गाळायचं नाही!

“तुमच्या आत्मचरित्रातलं तेवढं सातवं प्रकरण गाळू या, मॅडम,” संपादक गोड आवाजात म्हणाले. “अंतराळवीर म्हणजे मुलांचा आदर्श. तिनं अंथरुणातून उठूच नये, मनाच्या डॉक्टरांकडे जावं... लोक काय म्हणतील?”

लोक काय म्हणतील! पृथ्वीला प्रदक्षिणा घालून आलेल्या बाईलाही हा प्रश्न सुटत नाही, बरं का! टाळ्या, सत्कार, फोटो सगळं ओसरलं आणि तिचं मन खचलं. घरचे बाहेर सांगत, ‘दौऱ्यावर आहे.’ शेवटी नणंदेनंच तिला हाताला धरून दवाखान्यात नेलं. तीच नणंद आज शेजारच्या खुर्चीत ओठ आवळून बसली होती.

अंतराळवीर बाईलाही वाटलं, जाऊ दे, झाकली मूठ सवा लाखाची. विचाराच्या नादात तिनं हातातला कॉफीचा कप अलगद हवेत सोडून दिला. खळ्ळकन फुटला! वर अंतराळात असताना वस्तू सोडली की तिथंच तरंगायची. ती सवय अजून गेली नव्हती.

संपादक खो खो हसले. “वा! हा किस्सा हवाच! पुस्तकाची सुरुवातच यानं करू!”

आता मात्र नणंद उसळली. “कप फुटला तर गंमत, आणि माणूस मोडला तर लाज? अहो, खाली उतरल्यावर वहिनीचे पाय उभे राहीनात, तेव्हा डॉक्टरांची फौज धावली. ते फोटो तुम्ही छापताय. मन उभं राहीना, तेव्हा सगळे म्हणाले, तुला काय कमी आहे! वहिनी, तू बोल ना!”

ती ताडकन उठली. “सातवं प्रकरण जाणार नाही. ते गेलं, तर पुस्तकही नाही!” तिनं हस्तलिखित उचललं.

संपादकांचं हसू कुठल्या कुठे गेलं. “थांबा,” ते खाली बघत म्हणाले. “माझी मुलगी... कित्येक महिने खोलीबाहेर येत नाही. आम्ही सांगतो, परगावी शिकते. तुमचं प्रकरण वाचलं आणि घाबरलो. आमच्याच घरातलं वाटलं.”

तिचा राग विरघळला. “तिला आजच डॉक्टरांकडे न्या. जड जात असेल, तर मी येते बरोबर.”

पुस्तक निघालं, सातव्या प्रकरणासकट. नणंद मात्र तेव्हापासून तिला स्टीलच्याच कपात कॉफी देते!

वाचकहो, पाय मोडला की आपण प्लास्टर मिरवतो आणि मन मोडलं की दार लावून घेतो. ते दार उघडा! आजारात लाज नाही. आजारी माणसाला ‘दौऱ्यावर’ पाठवण्यात आहे.