‘मी ठीक आहे’

ऑफिसची मशीनं सांभाळणारी सिस्टिमवाली स्क्रीनवर लॉग, म्हणजे मशीनने स्वतः ठेवलेल्या नोंदी, चाळत होती. वर जा, खाली जा, एकच ओळ: ‘मी ठीक आहे. मी ठीक आहे.’ शी! ज्या मशीनची डिस्क सकाळीच मेली, त्याचा हा लॉग!

रक्तपेढीचं मशीन ते. चार दिवसांच्या नोंदी गेल्या आणि खापर फुटलं ऑपरेटर काकांच्या माथी. धूळ पुसायला त्यांनी मशीन पुढे ओढलं, म्हणून डिस्क गेली, असं साहेबांनी परस्पर ठरवूनही टाकलं. निवृत्तीला सात महिने राहिलेला माणूस, आणि त्याच्यासमोर बडतर्फीची भाषा!

डिस्क आधीपासून आजारी होती का, ते कर्नलच्या लॉगमधून कळलं असतं. कर्नल म्हणजे मशीनचा गाभा. काही बिघडलं की तो मेमरीतल्या छोट्या वहीत लिहून ठेवतो. वही भरली की सगळ्यात जुनं पुसून त्यावरच पुढचं. म्हणून बाहेरच्या प्रोग्रामांना तिथे मोजकंच लिहू देतात. पण फ्रीजचं तापमान बघणाऱ्या प्रोग्रामवाल्याला, ज्याला सगळे गुळ्या म्हणत, ही मर्यादा खुपायची. साहेबांच्या केबिनमधल्या स्क्रीनवर त्याच्या प्रोग्रामच्या ‘मी ठीक आहे’च्या ओळी झरझर धावल्या की पाहुण्यांवर छाप पडते म्हणे! रोज फोन, रोज लाडीगोडी. शेवटी मर्यादा उठवली गेली, तीही मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, म्हणजे मशीन पुन्हा सुरू केल्याशिवाय कुणालाही बदलता येऊ नये. आणि रक्तपेढीचं मशीन बंद करायला साहेब परवानगी देतील तर शपथ!

कुणी उठवली? हिनेच. कटकट नको म्हणून, स्वतःच्या हाताने.

चौकशीच्या खोलीत साहेबांनी कागद पुढे सरकवला. “लॉगमध्ये डिस्कची एकही तक्रार नाही. म्हणजे डिस्क ठणठणीत होती. कर सही.”

गुळ्या शेजारी बसून गोड हसत होता. “बघा ताई, आमच्या प्रोग्रामचा पुरावा म्हणून उपयोग झाला की नाही?”

तिला त्याची किळस आली. त्याहून जास्त स्वतःची आली.

काका समोर खाली मान घालून बसले होते. त्यांच्या जबाबाचा कागद तिने ओढून वाचला. मशीन ओढलं, हो. धूळ पुसली, हो. बास. बाकी काहीच नव्हतं. सोमवारचं तर अवाक्षरही नव्हतं.

“काका, सोमवारचं का नाही सांगितलंत?”

“जाऊ दे ना पोरी. तुझी नोकरी आत्ता कुठे सुरू होतेय.”

तिचे कान तापले. तिने पेन उचललं आणि सहीच्या जागी न थांबता मोठ्या अक्षरात लिहायला लागली. साहेब ओरडले, “अगं, काय करतेयस? फक्त सही!”

तिने लिहिलं: लॉगची मर्यादा मी उठवली. त्यामुळे कर्नलने डिस्कची तक्रार लिहिली असली तरी ती ‘मी ठीक आहे’च्या ओळींनी पुसली गेली असणार. सोमवारी काका माझ्याकडे आले होते. डिस्क टिकटिक आवाज करतेय, म्हणाले. मी लॉग उघडला, ‘मी ठीक आहे’ वाचलं, आणि सगळ्या ऑफिससमोर त्यांना म्हणाले, “काका, आधी कान तपासून घ्या.”